पदवीधर मतदारसंघात पहिल्यांदा मतदान करताय? फॉर्म १८ पासून दुसऱ्या पसंतीच्या मोजणीपर्यंत सगळं

विधानसभेला बटण दाबून आलेला माणूस पदवीधरच्या मतदानाला गेला की गोंधळतो, कारण तिथे मशीन नाही, चिन्ह नाही, हातात एक लांबलचक कागद आणि जांभळा पेन देतात आणि सांगतात पसंती लिहा. मी या सगळ्यातून गेलोय, घरच्यांचे, मित्रांचे फॉर्मही भरून घेतलेत, आणि दर वेळी लोक तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतोय. नोंदणीचा भाग कंटाळवाणा आहे पण तो नीट झाला नाही तर पुढचं सगळं फुकट. आणि मोजणीचा भाग लोक वाचत नाहीत, खरी गंमत मात्र तिथेच आहे, तेव्हा तो सोडू नका.

आधी थोडक्यात, हे काय आहे. आपल्या विधान परिषदेत ७८ आमदार असतात. त्यातले ३० जण विधानसभेचे आमदार निवडून देतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांमधून येतात, १२ राज्यपाल नेमतात, आणि उरलेले ७ पदवीधर आणि ७ शिक्षक मतदारसंघांतून येतात. मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, औरंगाबाद म्हणजे छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर असे सात विभाग. मुदत सहा वर्षं. राज्यघटनेच्या कलम १७१ मध्येच लिहिलंय की ही निवडणूक एकल संक्रमणीय मत पद्धतीने घ्यायची. नाव जड आहे पण अर्थ एवढाच की तुम्ही उमेदवारांना १, २, ३ असा क्रम देता आणि तुमचा पहिला उमेदवार बाद झाला तर तुमचं मत दुसऱ्याकडे सरकतं.

१. तुम्ही पात्र आहात का ते आधी बघा

पदवीधरसाठी दोन गोष्टी लागतात. तुम्ही त्या विभागात राहत असायला हवं आणि भारतातल्या विद्यापीठाची पदवी घेऊन किमान तीन वर्षं झालेली हवीत. ही तीन वर्षं १ नोव्हेंबरपासून मागे मोजतात, म्हणजे अर्हता दिनांक (पात्रता मोजायची तारीख) १ नोव्हेंबर २०२५ असेल तर तुमचा निकाल १ नोव्हेंबर २०२२ च्या आधी लागलेला हवा. पदवीदान समारंभ कधी झाला ते महत्त्वाचं नाही, निकालाची तारीख धरतात. डिप्लोमावाल्यांनी समकक्ष पात्रतेच्या यादीत आपला कोर्स आहे का ते तहसील कार्यालयात विचारून घ्यावं, अंदाजाने फॉर्म भरू नये.

शिक्षक मतदारसंघासाठी मागच्या सहा वर्षांत मिळून किमान तीन वर्षं माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत शिकवलेलं असावं लागतं. प्राथमिकच्या शिक्षकांना त्यात मत नाही, यावरून बरीच नाराजी असते. तुम्ही दोन्हीकडे पात्र असाल तर दोन्हीकडे नाव नोंदवता येतं, दोन वेगळे फॉर्म, दोन वेगळ्या मतपत्रिका.

जाता जाता सांगतो, मतदार पदवीधर लागतो पण उमेदवार पदवीधर असलाच पाहिजे असं नाही. वय ३० पूर्ण आणि राज्यातल्या कुठल्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव, एवढं पुरतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे पटतच नाही.

२. कागदपत्रं गोळा करा

- फॉर्म १८ (शिक्षकांसाठी फॉर्म १९)
- पदवी प्रमाणपत्राची किंवा शेवटच्या वर्षाच्या मार्कशीटची साक्षांकित प्रत
- राहत्या पत्त्याचा पुरावा
- पासपोर्ट साइज फोटो
- नेहमीच्या मतदार ओळखपत्राचा नंबर आणि आधारची प्रत
- लग्नानंतर किंवा इतर कारणाने नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र
- शिक्षकांसाठी संस्थाप्रमुखाचं सेवेचं प्रमाणपत्र

नाव बदललेल्या बायकांचे फॉर्म सगळ्यात जास्त अडकतात. पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि मधला दुवा जोडलेलाच नाही, मग अर्ज बाजूला पडतो. तो एक कागद आधीच लावा.

३. फॉर्म भरा, आणि वेळेत भरा

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. विधानसभेच्या यादीत तुमचं नाव आहे याचा इथे काही उपयोग नाही, आणि मागच्या पदवीधर निवडणुकीत मतदान केलं होतं याचाही नाही. ही यादी प्रत्येक निवडणुकीआधी कोरी करून नव्याने बनवतात. लोक मतदानाच्या दिवशी येतात आणि म्हणतात मागच्या वेळी तर होतं नाव. होतं हो, पण ती यादी संपली.

नोंदणीची सूचना साधारण १ ऑक्टोबरच्या सुमारास निघते आणि अर्जांची मुदत नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत असते. मध्ये दिवाळी येते. म्हणजे लोक फराळात आणि गावाला जाण्यात असतात तेव्हा फॉर्मची मुदत संपते, दर वेळी असंच होतं. अर्ज तहसील कार्यालयात किंवा नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायचा, अलीकडे ऑनलाइनही भरता येतो. ऑनलाइन भरलात तर पोचपावती सेव्ह करून ठेवा, कागदावर दिलात तर पावती मागून घ्या.

इच्छुक उमेदवाराचा कार्यकर्ता घरी येऊन म्हणेल द्या इकडे, आम्ही भरतो तुमचा फॉर्म. गठ्ठ्याने आलेले अर्ज आयोगाच्या नियमात बसत नाहीत. संस्थाप्रमुख आपल्या कर्मचाऱ्यांचे एकत्र देऊ शकतो, एकाच पत्त्यावरच्या कुटुंबातला एक जण घरच्यांचे देऊ शकतो, बाकी नाही. शिवाय तुमच्या पदवीची आणि आधारची प्रत कोणाच्या कार्यालयात पडून राहणार याचाही विचार करा.

४. प्रारूप यादी तपासा

नोव्हेंबरच्या शेवटी प्रारूप यादी येते, मग हरकती, आणि डिसेंबरअखेर अंतिम यादी. प्रारूप यादीत नाव नसेल किंवा चुकलं असेल तर तेव्हाच हरकत घ्या. मतदान केंद्रही तुमचं नेहमीचं नसतं, केंद्रं कमी असतात आणि लांब असू शकतात, ते आधी बघून ठेवा.

५. उमेदवार बघताना क्रम डोक्यात तयार करा

विधानसभेला आपण एकच नाव ठरवतो. इथे निदान तीन-चार नावं ठरवून जा. २०२० मध्ये पुणे पदवीधरला तब्बल ६२ उमेदवार होते, मतपत्रिका अक्षरशः टेबलभर. चिन्ह नसल्यामुळे नाव आणि फोटो बघूनच शोधावं लागतं, आणि एकाच नावाचे दोन-तीन अपक्ष उभे करणं ही जुनी युक्ती आहे, तेव्हा आपल्या उमेदवाराचं पूर्ण नाव वडिलांच्या नावासकट माहीत असू द्या. मी चिठ्ठीवर क्रम लिहून घरी पाठ करतो, केंद्रात चिठ्ठी काढत बसायला नको.

क्रम कसा लावायचा? पहिला तुमचा खरा आवडता, तो पडणार हे माहीत असलं तरी. हीच तर या पद्धतीची मजा आहे, मत वाया जाईल म्हणून मोठ्या पक्षाला द्या असला युक्तिवाद इथे लागू होत नाही. मग त्याच्यानंतर बरा वाटणारा. आणि शेवटच्या फेरीत जे दोन-तीन तगडे उरतील असं दिसतंय त्यातला निदान एक तरी तुमच्या क्रमात कुठेतरी असू द्या, नाहीतर तुमचं मत शेवटच्या फेरीपर्यंत पोचणारच नाही.

६. प्रत्यक्ष मतदान

ओळखपत्र घेऊन जा. इथे विद्यापीठाने दिलेलं मूळ पदवी प्रमाणपत्रही ओळखीचा पुरावा म्हणून चालतं. मोबाइल बाहेर ठेवा.

आत मतपत्रिकेसोबत जांभळ्या शाईचा पेन देतात. फक्त तोच वापरायचा, खिशातला बॉलपेन नाही. आता नियम:

- पहिल्या पसंतीच्या नावासमोर १ लिहा. हा आकडा नसेल तर पूर्ण मत बाद.
- १ फक्त एकाच नावासमोर. दोघांसमोर १ आला की मत बाद.
- त्याच नावासमोर १ आणि २ दोन्ही लिहू नका.
- आकडे मराठी, इंग्रजी, रोमन कुठलेही चालतात, पण अक्षरात "एक", "दोन" लिहिलं तर चालत नाही.
- टिक, फुली, सही, अंगठा, नाव, जय अमुक-तमुक, काहीही नको.
- आकडा दोन नावांच्या मधल्या रेघेवर येऊ देऊ नका.

२ आणि त्यापुढचे आकडे ऐच्छिक आहेत. फक्त १ लिहिलात तरी मत वैध. २ चुकून दोनदा पडला तर १ मोजला जातो पण पुढे ते मत सरकत नाही. २ गाळून थेट ३ लिहिला तरी तेच. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी मित्रांना हे वेगळं वाटतं, कारण तिथे संसदेच्या कनिष्ठ सभागृहासाठी सगळ्या चौकटी भराव्या लागतात, क्रम अपुरा सोडला तर मत अवैध. आपल्याकडे तशी सक्ती नाही.

पदवीधरांची निवडणूक असूनही बाद मतांचा गठ्ठा दर वेळी चांगला जाडजूड निघतो. शिकलेला माणूस सूचना वाचत नाही, त्याला वाटतं आपल्याला येतं.

७. मोजणी समजून घ्या

इथे नीट लक्ष द्या. आधी बाद मतं बाजूला काढतात. मग वैध मतांच्या निम्मे अधिक एक हा कोटा ठरतो. पहिल्या पसंतीतच कोणी कोटा गाठला तर निकाल लागला. नाही गाठला तर सगळ्यात कमी मतं असलेला उमेदवार बाद करतात, त्याच्या मतपत्रिका पुन्हा उघडून त्यावर दुसरी पसंती कोणाला आहे ते बघून त्या त्या उमेदवारात वाटतात. मग पुन्हा खालचा बाद, पुन्हा वाटप. पन्नास-साठ उमेदवार असतील तर हे रात्रभर आणि दुसऱ्या दिवशीही चालतं, टीव्हीवाले मधेच "आघाडीवर" म्हणून जाहीर करून मोकळे होतात.

मनाने बनवलेलं एक गणित घेऊ. १००० वैध मतं, कोटा ५०१. पहिल्या उमेदवाराला ४२०, दुसऱ्याला ३८०, तिसऱ्याला २००. विधानसभेच्या पद्धतीत ४२० वाला जिंकला असता. इथे तिसरा बाद. त्याच्या २०० पैकी १२० जणांनी २ हा आकडा दुसऱ्या उमेदवाराला दिलाय, ३० जणांनी पहिल्याला, आणि ५० जणांनी पुढे काही लिहिलंच नाही. आता पहिला ४५०, दुसरा ५००. कोटा ५०१ कोणीच गाठला नाही, पण आता ४५० वाला खाली म्हणून तो बाद, आणि एकटा उरलेला दुसरा उमेदवार कोट्याशिवाय निवडून आला. कोटा बदलत नाही, पण शेवटी एकच उरला तर तो विजयी असतो. आणि त्या ५० जणांचं मत शेवटच्या लढतीत कुठेच नव्हतं.

लोक मला सगळ्यात जास्त विचारतात ते हे: मी दुसऱ्याला २ दिला तर माझ्या पहिल्याचं नुकसान होईल का? नाही. एका जागेच्या निवडणुकीत तुमचा पहिला उमेदवार शर्यतीत आहे तोवर तुमच्या २ कडे कोणी बघतही नाही. तो बाद झाल्यावरच २ बघतात. तरीही प्रचारात सर्रास सांगतात, फक्त एक लिहा, दुसरं काही लिहू नका. त्यांचं काय जातंय, त्यांना एवढंच हवं असतं की तुमचं मत दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडू नये. तुमचं मात्र जातं.

८. मग पक्षांवर याचा काय परिणाम होतो

हे वाचलंत तर निकालाच्या बातम्या वेगळ्या दिसायला लागतील.

पहिलं, बालेकिल्ले इथे पक्के नसतात. नागपूर पदवीधर हा भाजपचा म्हणजे घरचाच मतदारसंघ समजला जायचा, गंगाधरराव फडणवीस, मग वर्षानुवर्षं नितीन गडकरी. डिसेंबर २०२० मध्ये तिथे काँग्रेसचे अभिजित वंजारी निवडून आले. पुण्यातून आधी प्रकाश जावडेकर, चंद्रकांत पाटील गेले होते, त्याच वर्षी तिथे राष्ट्रवादीचे अरुण लाड आले. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर लाड पहिल्याच पसंतीत आले, म्हणजे तो चमत्कार पसंतीक्रमाचा नव्हे, तीन पक्ष महाविकास आघाडी म्हणून एकत्र लढल्याचा आणि नोंदणी कसून केल्याचा. माझं मत असं आहे की पदवीधरची अर्धी निवडणूक ऑक्टोबरमध्ये फॉर्म भरतानाच होऊन जाते. ज्याने नोंदणी केली त्याची यादी.

दुसरं, अटीतटीच्या जागी मात्र क्रम निर्णायक ठरतो. २०२३ मध्ये अमरावती पदवीधरला पहिल्या पसंतीत कोणालाच कोटा गाठता आला नाही, मोजणी लांबत गेली आणि शेवटी काँग्रेसचे धीरज लिंगाडे आले, भाजपचे माजी राज्यमंत्री रणजित पाटील पडले. अशा ठिकाणी पक्षाला आपल्या मतदारांसोबतच इतरांच्या मतदारांचीही दुसरी पसंती मागावी लागते, म्हणजे सगळ्यांना शिव्या घालून चालत नाही. निदान हिशोबाने तरी तसं असायला हवं.

तिसरं, लहान पक्ष आणि अपक्ष यांना इथे थोडी जागा मिळते, विशेषतः शिक्षकांमध्ये, जिथे संघटनांचं जाळं पक्षांपेक्षा घट्ट असतं. कपिल पाटील लोकभारतीसारख्या छोट्या पक्षाच्या जोरावर मुंबई शिक्षकमधून २००६ पासून २०२४ पर्यंत आमदार राहिले. कोकण शिक्षकमधून शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) बाळाराम पाटील २०१७ ला आले होते, २०२३ ला भाजपच्या ज्ञानेश्वर म्हात्रेंकडून हरले. अमरावती शिक्षकमधून २०२० ला किरण सरनाईक हे अपक्ष आले. पण म्हणून ही पद्धत छोट्यांना तारते असं समजू नका. कोटा निम्म्याचा असल्यामुळे जागा एकच असली की शेवटी मोठ्यांचंच वजन चालतं.

जागा जास्त असल्या की मात्र खेळ पूर्ण बदलतो, आणि तिथे आपले आमदार मतदार असतात. १० जून २०२२ ची राज्यसभेची निवडणूक घ्या. जागा ६, उमेदवार ७, वैध मतं २८४. आमदाराच्या एका मताचं मूल्य १०० धरतात, म्हणून कोटा २८४०० भागिले ७ (जागांपेक्षा एक जास्त), आणि त्यात अधिक १, म्हणजे ४०५८, म्हणजे साधारण ४०.५८ मतं. भाजपने पीयूष गोयल आणि अनिल बोंडे या दोघांना पहिल्या पसंतीची ४८-४८ मतं दिली, तिसरे धनंजय महाडिक यांना फक्त २७. शिवसेनेचे संजय पवार यांना ३३. वरवर बघितलं तर पवार पुढे. पण गोयल आणि बोंडे यांची कोट्यावरची शिल्लक, प्रत्येकी सात-साडेसात मतांएवढी, दुसऱ्या पसंतीने महाडिकांकडे सरकली आणि २७ चे ४१ च्या वर गेले. उलट आघाडीच्या तीन विजयी उमेदवारांची मतं ४१, ४३ आणि ४४, म्हणजे त्यांची शिल्लक सगळी मिळून सहाच्या आसपास, ती पूर्ण पवारांना मिळाली असती तरी ३९ च्या पुढे गाडी जात नव्हती. ३३ वाला हरला, २७ वाला जिंकला, आणि यात काही गडबड नाही, नियमच तसा आहे.

दहा दिवसांनी विधान परिषदेवर विधानसभेच्या आमदारांनी निवडून द्यायच्या जागांची निवडणूक झाली, १० जागा, ११ उमेदवार. राज्यसभेला पक्षाच्या प्रतिनिधीला मत दाखवावं लागतं, परिषदेला मतदान गुप्त. तिथे भाजपचे पाचही आले आणि काँग्रेसने पहिल्या क्रमांकावर ठेवलेले चंद्रकांत हंडोरे पडले, भाई जगताप आले. त्याच रात्री एकनाथ शिंदे आमदारांसह सुरतेला निघाले, पुढचं सगळ्यांना माहीत आहे. गुप्त पसंतीक्रम हा असा पक्षाच्या आतली फूट आधी दाखवून देतो. जुलै २०२४ ला ११ जागांसाठी १२ उमेदवार होते तेव्हा शेकापचे जयंत पाटील पडले, कारण मित्रपक्षांच्या शिलकीवर अवलंबून राहणाऱ्याला ती शिल्लक वेळेवर मिळेलच असं नाही.

जुना दाखला हवा असेल तर १९६९ ची राष्ट्रपती निवडणूक. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, इंदिरा गांधींचा कल व्ही. व्ही. गिरी यांच्याकडे, आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख, ज्यांना जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाचा पाठिंबा होता. पहिल्या पसंतीत गिरी ४ लाख १ हजार ५१५, रेड्डी ३ लाख १३ हजार ५४८, देशमुख १ लाख १२ हजार ७६९. कोटा ४ लाख १८ हजार १६९. खालचे उमेदवार बाद होऊन मतं सरकली तेव्हा रेड्डींना जवळजवळ ९२ हजार मिळाली, गिरींना साडेअठरा हजारच. तरी गिरी ४ लाख २० हजार ७७ वर पोचून जिंकले. म्हणजे दुसरी पसंती भरभरून मिळाली तरी पहिल्या पसंतीची दरी मोठी असेल तर ती भरून निघतेच असं नाही. काही महिन्यांत काँग्रेस फुटली.

९. नेहमी विचारले जाणारे फुटकळ प्रश्न

आमदार झालेला पदवीधर प्रतिनिधी राज्यसभेला मत देतो का? नाही, ते विधानसभेचे आमदारच देतात. राष्ट्रपतीलाही नाही.

विभाग बदलला, नोकरीसाठी नाशिकहून पुण्याला आलो, तर? जिथे सध्या राहता तिथला पत्ता देऊन तिथे अर्ज करा. पदवी कुठल्या विद्यापीठाची आहे याचा विभागाशी संबंध नाही, नागपूरची पदवी असलेला माणूस पुण्यात मतदार होऊ शकतो.

सगळ्या ६२ जणांना क्रम द्यायचा का? देता येतो, पण गरज नाही. चार-पाच पुरतात, फक्त त्यात एखादा शेवटपर्यंत टिकणारा हवा.

मतपत्रिकेवर आकडा चुकला तर? पेटीत टाकण्याआधी केंद्राध्यक्षाला दाखवून दुसरी मागा, खाडाखोड करून तीच टाकू नका.